गोळी हृदयाची, धास्ती मेंदूची

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी धाप लागते म्हणून तपासण्या झाल्या, तेव्हा हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आल्याचं कळलं. आधी त्यांना एनालाप्रिल होती. ती बंद करून सॅक्युबिट्रिल आणि व्हॅल्सार्टन एकत्र असलेली गोळी दिवसातून दोनदा सुरू केली. त्याने फरक पडला हे मान्य करायलाच हवं. पूर्वी चार पायऱ्या चढल्या की कठडा धरून उभे राहायचे, आता एक मजला न थांबता चढतात. त्यांच्या गोळ्यांची डबी दर आठवड्याला मीच भरते. बीटा ब्लॉकर म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी आहे, पाण्याची म्हणजे लघवी होण्याची गोळी आहे. रात्री सारखं लघवीला उठावं लागतं म्हणून चारेक महिन्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी आणखी एक गोळी दिली. आणि कधीमधी झोपेची.

गेले तीन महिने त्यांचा विसर वाढलाय. एकच गोष्ट तासाभरात तिसऱ्यांदा विचारतात. परवा फोनवर स्वतःच्या भावाचं नाव आठवेना. नणंदेने एक बातमी पाठवली, त्यात होतं की या गोळीने मेंदूत अल्झायमरचं प्रथिन साचतं. ती वाचून सासूबाई हादरल्या. आठवड्यापूर्वी माझ्या लक्षात आलं की त्या डबीतून संध्याकाळची गोळी गुपचूप काढून ठेवतात. आता म्हणतात, कपाटात एनालाप्रिलची जुनी पट्टी आहे, तीच परत सुरू करू. ह्यांचं म्हणणं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. पण विचारायचं कोणी, यावर घोडं अडलंय. गोळी बंद करावी का? विसर तिच्यामुळेच पडतोय का? आणि सासूबाईंना मी काय सांगू? त्यांच्याशी वाद घालणं मला जमत नाही.

— डबी भरणारी सून

उत्तर : ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी ती कपाटातली पट्टी. पत्र वाचून सगळ्यात जास्त काळजी मला तिची वाटली. हे उत्तर पुढे वाचण्याआधी ती पट्टी घराबाहेर जाऊ द्या.

कारण सांगतो. एनालाप्रिल आणि सॅक्युबिट्रिल ही औषधं एकमेकांपासून किमान ३६ तास लांब ठेवावी लागतात. एक बंद करून दुसरं सुरू करायचं असेल तर मध्ये पूर्ण दीड दिवस जाऊ द्यायचा, मग बदल इकडून तिकडे असो की तिकडून इकडे. शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा एक पदार्थ असतो. त्याचा निचरा करणारी जी रसायनं आहेत त्यांतलं एक एनालाप्रिल अडवतं आणि दुसरं सॅक्युबिट्रिल. दोन्ही एकाच वेळी अडली तर ब्रॅडिकायनिन साठतं आणि ओठ, जीभ, घसा सुजू शकतो. घसा सुजला की श्वास अडतो. ही नुसती पुस्तकातली भीती नाही. या दोन्ही रसायनांना एकट्याने अडवणारं ओमापॅट्रिलॅट नावाचं औषध एकेकाळी तयार झालं होतं. २५ हजारांहून जास्त रुग्णांवर त्याची चाचणी झाली. एनालाप्रिल घेणाऱ्यांत ही सूज ०.७ टक्के लोकांना आली, तर ओमापॅट्रिलॅट घेणाऱ्यांत २.२ टक्के लोकांना. रक्तदाब उत्तम उतरवत असूनही ते औषध बाजारात आलं नाही. सॅक्युबिट्रिलची जोडी एनालाप्रिलशी न लावता व्हॅल्सार्टनशी लावली गेली, त्याचं कारण हेच.

सासूबाईंच्या मनात तसं काही वाईट नाही. जुनी गोळी ओळखीची, तिने कधी त्रास दिला नाही, मग तीच बरी, असा त्यांचा सरळ हिशोब आहे. पण सकाळी नवी आणि संध्याकाळी जुनी असं एकदा जरी झालं तरी ते महागात पडू शकतं.

दुसरं काम आजच करायचं. हृदयाच्या डॉक्टरांकडे फोन करून सांगा की संध्याकाळची गोळी आठवडाभर, कदाचित जास्तच दिवस, पोटात गेलेली नाही. आपल्याच मनाने दोन्ही वेळा पुन्हा सुरू करू नका. बहुतेक वेळा डॉक्टर तोच डोस पुढे चालू ठेवायला सांगतात, पण त्याआधी त्यांना रक्तदाब किती आहे ते बघायचं असतं. हे लपवून ठेवलं तर वेगळीच गुंतागुंत होते. पुढच्या तपासणीत सासऱ्यांची धाप वाढलेली दिसली की डॉक्टरांना वाटेल, पूर्ण डोस असूनही आजार बळावतोय, आणि ते त्या समजुतीवर नवीन औषध वाढवतील.

आता नणंदेच्या बातमीकडे येऊ. ती बातमी हवेतून आलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. शंका खरी आहे आणि ती पहिल्यांदा शास्त्रज्ञांनीच काढली. फक्त त्या शंकेचं पुढे काय झालं, ते अशा बातम्यांत सहसा नसतं.

सॅक्युबिट्रिल ज्याला अडवतं त्या रसायनाचं नाव नेप्रिलायसिन. प्रथिनांचे लहान तुकडे कापणारी ही एक कात्री समजा. हृदयावर ताण आला की हृदय स्वतःच एक संप्रेरक सोडतं. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात, जादा मीठ-पाणी लघवीवाटे निघून जातं आणि हृदयाला उसंत मिळते. नेप्रिलायसिन नेमकं हेच उपकारी संप्रेरक कापत बसतं. त्याला अडवलं की ते जास्त वेळ टिकतं. तुमच्या सासऱ्यांना मजला चढता येऊ लागला त्यात या साध्या युक्तीचा वाटा आहे. (जाता जाता : कोणी त्यांची बीएनपी नावाची रक्ततपासणी केली आणि आकडा मोठा आला तर घाबरू नका. हे औषध चालू असताना तो आकडा औषधामुळेच वाढतो. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी बघायची असते.)

अडचण अशी की ही कात्री मेंदूतही आहे, आणि तिथे ती अमायलॉइड बीटा नावाचं प्रथिन कापते. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ज्याच्या गुठळ्या साचलेल्या दिसतात, तेच हे प्रथिन. जपानमधल्या राइकेन या संस्थेतल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की ज्या उंदरांच्या शरीरात नेप्रिलायसिन तयारच होत नाही, त्यांच्या मेंदूत अमायलॉइडचं प्रमाण वाढतं. मग हृदयासाठी नेप्रिलायसिन अडवणारी गोळी आली तेव्हा प्रश्न आपोआपच उभा राहिला. माणूस ही गोळी वर्षानुवर्षं घेणार, तर मेंदूतला कचरा काढायचं काम थांबणार का? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये या औषधाला मंजुरी दिली तेव्हाच कंपनीला अट घातली, की स्मरणशक्तीवर याचा काय परिणाम होतो ते वेगळं तपासून दाखवा.

आणि ते तपासलं गेलं.

आधी माकडांवर. दोन आठवडे औषध दिल्यावर त्यांच्या मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवात अमायलॉइड वाढलेलं दिसलं. बहुतेक बातम्या इथेच संपतात. पण त्याच औषधाचा मोठा डोस माकडांना ३९ आठवडे देऊन मेंदू तपासले, तेव्हा त्यांत गुठळ्या साचलेल्या नव्हत्या. नंतर निरोगी माणसांना दोन आठवडे औषध देऊन पाठीतून तो द्रव काढून बघितला. अमायलॉइडचा एक प्रकार वाढला होता. पण ज्या दोन प्रकारांच्या गुठळ्यांची अल्झायमरमध्ये भीती असते, ते वाढले नव्हते. दोन गोष्टी इथे लक्षात घ्यायच्या. हे औषध रक्तातून मेंदूत शिरतं ते अगदी नाममात्र. आणि अमायलॉइडची विल्हेवाट लावणारं नेप्रिलायसिन हे एकटंच नाही, ते काम करणारी आणखीही रसायनं आहेत.

मग आली खरी परीक्षा. पर्स्पेक्टिव्ह नावाची चाचणी, निकाल ऑगस्ट २०२२ मध्ये बार्सिलोनाला युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या परिषदेत जाहीर झाला. हार्ट फेल्युअरचे, म्हणजे ज्यांचं हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही असे ५९२ रुग्ण, सरासरी वय ७२ च्या आसपास. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, दुसऱ्याला नुसतं व्हॅल्सार्टन. दोन्हीकडे व्हॅल्सार्टन होतंच, म्हणजे फरक उरला तो फक्त सॅक्युबिट्रिलचा. रुग्णाला कळत नव्हतं आपण काय घेतोय, तपासणाऱ्यालाही नाही. तीन वर्षं ठरावीक काळाने या सगळ्यांची स्मरणशक्ती, लक्ष, विचारांचा वेग यांच्या चाचण्या घेतल्या. तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. काही जणांच्या मेंदूचे खास स्कॅन काढून अमायलॉइडचा साठाही मोजला. ज्यांना सॅक्युबिट्रिल मिळत होतं त्यांच्यात तो जास्त वाढलेला दिसला नाही.

या चाचणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर मीही तुम्हाला अर्धवट बातमी दिल्यासारखं होईल. त्यातल्या रुग्णांचं पंपिंग ४० टक्क्यांहून जास्त होतं, तुमच्या सासऱ्यांचं ३० आहे. कमी पंपिंग असलेल्यांवर या औषधाची जी सगळ्यात मोठी चाचणी झाली, पॅराडाइम-एचएफ, २०१४ ची, तिच्यात ८ हजारांहून जास्त रुग्ण होते. तिथे स्मरणशक्तीची वेगळी परीक्षा घेतली नव्हती. पण रुग्णांच्या तक्रारींच्या नोंदी नंतर चाळल्या, तेव्हा विसर किंवा गोंधळ यांच्या तक्रारी ही गोळी घेणारे आणि एनालाप्रिल घेणारे अशा दोन्ही गटांत जवळपास सारख्याच निघाल्या. आणि तीन वर्षं हा काळ अल्झायमरच्या मानाने लहान आहे, हेही खरं. पन्नाशीतल्या माणसाने वीस वर्षं ही गोळी घेतली तर काय, याचं उत्तर तीन वर्षांच्या चाचणीतून मिळत नाही.

पण तुमचे सासरे पन्नाशीचे नाहीत, आणि त्यांचा विसर वीस वर्षांनी सुरू झालेला नाही. नणंदेला सांगायचा खरा मुद्दा हा आहे. अल्झायमरमध्ये अमायलॉइड साचायला लागल्यापासून विसर दिसेपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. गोळी सुरू होऊन झालंय एक वर्ष. विसर सुरू झाला तीन महिन्यांपूर्वी. गोळीने अमायलॉइड साचवलं असं घटकाभर गृहीत धरलं, तरी ते एवढ्या लवकर भावाचं नाव विसरायला लावणार नाही. तारखाच जुळत नाहीत.

जुळणारी तारीख तुमच्याच पत्रात आहे, कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. रात्रीच्या लघवीची गोळी चार महिन्यांपूर्वी सुरू झाली आणि विसर तीन महिन्यांपूर्वी.

त्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. डबीतून काढून पट्टीच्या मागे बघा. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनॅसिन यांपैकी काही असेल तर माझा पहिला संशय तिच्यावर जाईल. मूत्राशयाची घाई कमी करणारी ही औषधं अॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचा संदेश अडवतात. मूत्राशय शांत होतं, पण तेच रसायन मेंदूत आठवण आणि लक्ष यांच्या कामी येतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला या गोळीने तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता आणि त्याबरोबर गोंधळ, विसर असं होऊ शकतं. सगळ्यांना होतं असं नाही, पण होतं तेव्हा घरच्यांना वाटतं की वय झालं. ऑक्सिब्युटिनिनचा त्रास जास्त दिसतो. मिराबेग्रॉन असेल तर हा दोष तिच्यावर नाही. टॅम्सुलोसिन असेल तर तिचाही विसराशी असा संबंध नाही, पण तिने रक्तदाब खाली येऊ शकतो, आणि त्याबद्दल पुढे लिहितोच.

बघा कसं होतं ते. हृदयाच्या डॉक्टरांनी पाणी काढायची गोळी दिली. ती उशिरा घेतली गेली की रात्री उठावं लागतं. त्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी थांबवायची गोळी दिली. आधीच्या गोळ्यांची यादी त्यांच्यासमोर होती की नव्हती, देव जाणे. रात्रीची झोप मोडली म्हणून झोपेची गोळी आली. आणि झोपेच्या गोळीने दुसऱ्या दिवशीही डोकं जड राहतं, बोलण्यात घोटाळा होतो. कधीकधी एवढंच करून भागतं की पाण्याची गोळी दिवसा लवकर घ्यायची. मग पुढच्या दोन्ही गोळ्यांची गरजच कमी होते. पण हे तुम्ही परस्पर करायचं नाही. झोपेची गोळी रोजची झालेली असेल तर ती एकदम तोडली की आणखी त्रास होतो. हृदयाच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या एकत्र दाखवायच्या. यादी नको, खऱ्या पट्ट्याच न्या. सर्दी-खोकल्याची घरात पडलेली बाटलीसुद्धा. अशा बऱ्याच औषधांत क्लोरफेनिरामाइन असतं आणि म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूवर त्याचाही तसाच परिणाम होतो.

पण सगळा दोष त्या एका गोळीच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. हृदय आणि मेंदू यांचं नातं तुमच्या घरात आधी बोललं गेलंय का, कोण जाणे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण १५ टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. पंपिंग ३० टक्क्यांवर आलं की याची झळ त्याला लागणारच. हार्ट फेल्युअरच्या दर दहा रुग्णांत साधारण चौघांमध्ये विसर, लक्ष न लागणं, विचार मंदावणं असं काही ना काही सापडतं, औषध कुठलंही चालू असो. म्हणून मी म्हणेन की मेंदूला वाचवण्यासाठी हृदयाची गोळी बंद करणं हा उलटा सौदा आहे. पॅराडाइम-एचएफमध्ये एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी २६.५ टक्के रुग्ण हृदयविकाराने दगावले किंवा हार्ट फेल्युअर वाढून भरती झाले. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन घेणाऱ्यांत हे प्रमाण २१.८ टक्के होतं. फरक एवढा स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली. आणि असं एकदा भरती होणं, धाप, ऑक्सिजन कमी, अनोळखी खोली, रात्रभर दिवे, हे सगळं वयस्कर माणसाच्या डोक्याला केवढं महागात पडतं ते माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे. भरती होताना नातवंडांची नावं सांगणारे आजोबा तिसऱ्या दिवशी मुलाला ओळखत नाहीत. बरेच जण सावरतात. पण काही जण पूर्वीसारखे होत नाहीत.

या गोळीचा मेंदूला त्रास होऊच शकत नाही, असंही नाही. एक वाट आहे, फक्त ती बातमीतली नाही. ही गोळी रक्तदाब खाली आणते, आणि त्याच चाचणीत रक्तदाब उतरून चक्कर वगैरे येण्याची तक्रार १४ टक्के लोकांना झाली, एनालाप्रिलवर ९.२ टक्के. सोबत बीटा ब्लॉकर आहे, पाण्याची गोळी आहे, आणि लघवीची ती नवी गोळी टॅम्सुलोसिन असेल तर तीही. उठून उभं राहिलं की रक्तदाब एकदम खाली जात असेल तर मेंदूला तेवढ्यापुरतं रक्त कमी पडतं. माणूस गोंधळतो, धडपडतो. हे घरीच बघता येईल. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब मोजा. मग उभं करून एका मिनिटाने, आणि पुन्हा तीन मिनिटांनी. कोणीतरी शेजारी धरायला उभं राहा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. यावर उपाय डोस किंवा वेळा बदलणं हा असतो, आणि पाण्याची गोळी गरजेपेक्षा जास्त होतेय का तेही बघतात. गोळी कायमची सोडून द्यायची वेळ सहसा येत नाही.

डॉक्टर बाकी काय तपासतील ते थोडक्यात. रक्तातलं सोडियम, कारण पाण्याच्या गोळ्यांनी ते घसरलं की माणूस बरळायलासुद्धा लागतो. पोटॅशियम, आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते कळायला क्रिएटिनिन. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. ईसीजी, नाडी अनियमित आहे का ते कळायला. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर हृदयात गुठळ्या होऊन मेंदूत बारीक बारीक झटके येऊ शकतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. रात्री ते मोठ्याने घोरतात का, मध्येच श्वास थांबतो का, हे सासूबाईंनाच माहीत असणार. आणि मन. हृदयाचा आजार झालेला माणूस वर्षभर आतून घाबरलेला असतो. उदास माणूस विसरतो, कारण त्याचं कशातच लक्ष नसतं. ऐकू कमी येतंय का, तेही बघा. जे नीट ऐकूच आलं नाही, ते आठवणार कसं?

स्मरणशक्तीची एक छोटी परीक्षा मागून घ्या. मोका नावाची एक आहे, ३० गुणांची, दहा-बारा मिनिटांत होते. त्यात पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात. कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. एकदा घेतलेल्या गुणांवरून निकाल लावायचा नसतो. औषधांची आवराआवर झाल्यावर काही महिन्यांनी पुन्हा घेतली की आकडा सुधारतोय की घसरतोय ते कळतं, आणि मग कोणाचं काय चुकलं यावर घरात वाद घालायची गरज उरत नाही. एक मात्र सांभाळा. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, माणूस झोपाळून उठेचना, तर भेटीची तारीख बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

नणंदेसाठी एक जोडून देतो, कारण पुढची बातमी ती स्टॅटिनची पाठवेल, अशी माझी पैज आहे. कोलेस्टेरॉलच्या त्या गोळ्यांनी विसर पडतो अशा तक्रारी आल्या, म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेत त्यांच्या माहितीपत्रकात तसा उल्लेख घातला गेला, आणि औषध थांबवल्यावर तो विसर जातो असंही. पण २० हजारांहून जास्त लोकांच्या एका चाचणीत आणि ७० ते ८२ वयाच्या सुमारे ५,८०० लोकांच्या दुसऱ्या चाचणीत, स्टॅटिन घेणारे आणि न घेणारे यांच्या स्मरणशक्तीत फरक सापडला नाही. उलट रक्तदाबाचं बघा. २०१९ मध्ये आलेल्या स्प्रिंट माइंड या अभ्यासात रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केलेल्यांत, १४० वर समाधान मानलेल्यांपेक्षा, स्मरणशक्तीची सौम्य घट १९ टक्क्यांनी कमी आढळली. एखाद्याने तक्रार केली म्हणून संशय घ्यायला हरकत नाही, घ्यावाच. पण तो संशय चाचणीत टिकला का, हेही त्याच बातमीत शोधायचं. नसेल तर बातमी अपुरी आहे असं समजायचं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, मुळात वादाचा विषयच नाही. नवऱ्याला भावाचं नाव आठवत नाही हे बघून त्या घाबरल्या आणि हाताशी जे होतं ते त्यांनी केलं. 'तुम्ही गोळी का काढली' असं विचारलंत की त्या पुढच्या वेळी जास्त हुशारीने लपवतील. त्यापेक्षा म्हणा, 'आई, तुम्हाला शंका आली ते बरंच झालं. आपण डॉक्टरांनाच विचारू, आणि विचारायचं तुम्ही.' डॉक्टरांच्या खोलीत तुम्ही आणि तुमचे यजमान मागे बसा, पुढच्या खुर्चीत त्यांना बसवा. विसर कधी सुरू झाला, दिवसा जास्त असतो की रात्री, कुठल्या गोळीनंतर, यातलं अर्धं फक्त त्यांनाच ठाऊक आहे. संध्याकाळची गोळी काढली हेही त्यांच्याच तोंडून येऊ दे. कुठलाही शहाणा डॉक्टर त्यावर चिडणार नाही. चिडलाच तर दुसरा डॉक्टर शोधा, ही माझी सरळ सूचना.

सासऱ्यांना वगळून हे सगळं चालू असेल तर तेही थांबवा. पंपिंग कमी झालंय ते त्यांचं, विसर पडतोय तो त्यांना, आणि गोळी त्यांच्या परवानगीशिवाय डबीतून गायब होतेय. विसरणाऱ्या माणसाला काही कळत नाही असं नसतं. आपण विसरतोय हे बहुतेकांना घरच्यांच्या आधी कळलेलं असतं.

फोन आज करा. भेट मिळेल तेव्हा जा. त्या लघवीच्या गोळीचं नाव मात्र आत्ताच बघा, आणि ती वर सांगितलेल्यांपैकी निघाली तर फोनवरच त्याचा उल्लेख करा, भेटीची वाट बघू नका.